ठेवू की विकू?

गाडी मागे घेताना तिला 'फस्स' असा आवाज आला. तिने ब्रेक दाबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आरशात एक उंच मुलगा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा दिसला. ती घाबरीघुबरी होऊन खाली उतरली. मागच्या चाकाखाली एक जाड प्लॅस्टिकची पिशवी फुटली होती आणि तिच्यातली काळी माती विद्यापीठाच्या पार्किंगभर पसरली होती. माणूस नाही, कुत्रं नाही, कुणाचा लॅपटॉपही नाही... नुसती माती. तिचा जीव भांड्यात पडला.

"सॉरी हं," ती म्हणाली. "पण मातीच आहे ना? त्या झाडाखाली हवी तेवढी पडली आहे. मी भरू लागते."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने कुणाचं तान्हं बाळ हरवून बदल्यात शेजारचं बाळ देऊ केलं होतं.

"अहो, ती झाडाखालची माती आहे. ही नदीपलीकडच्या शेतातली आहे, हातभर खोलवरून काढलेली. दोन्हीत काही फरक आहे की नाही?"

"मला विचाराल तर नाही," ती बोलून गेली आणि त्याचा चेहरा बघून ओशाळली. "बरं, चूक माझी. चला, पुन्हा आणू या. गाडी आहे माझ्याकडे."

'गाडी आहे माझ्याकडे' हे वाक्य ती या विद्यापीठात आल्यापासून इतक्यांदा बोलली होती, की वर्गात तिचं नावच 'सारथी' पडलं होतं. गाडी मुळात बाबांची. बाबांनी नजर मंदावल्यावर गाडी चालवणं सोडलं आणि आईने ठरवलं, की पोरीने ती घेऊन जावी, म्हणजे दर शनिवारी निमूट घरी येईल. पोरगी घरी जायची ती महिन्यातून एकदा, तेही कपडे धुवायला. पण विद्यापीठात मात्र गाडीमुळे तिचं सोनं झालं. पहिल्या वर्षी तिला मैत्रिणींचा तोटा नव्हता. कुणाला स्टेशनवर जायचं असे, कुणाला कपाट आणायचं असे, कुणाच्या भावाला दवाखान्यात न्यायचं असे, आणि सगळ्यांचा तिच्यावर भारी जीव असे. मग एकदा गिअरबॉक्स गेला आणि गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडली. त्या महिन्यात तिचा फोन इतका शांत होता, की तिने दोनदा दुकानात नेऊन तो दाखवला. फोन चांगला होता. ते दुखणं ती कुणाशी बोलली नाही, पण विसरलीही नाही.

तर मातीवाल्याला शेजारी बसवून ती नदीपलीकडे गेली. शेतापाशी पोचल्यावर तो आतून दाराशी झटापट करू लागला.

"ते आतून उघडत नाही," ती म्हणाली. "मला उतरून उघडावं लागतं."

"म्हणजे उद्या मला पळवून नेलंत, तर माझी सुटका नाही."

"पळवून न्यायला तुमच्याकडे आहे काय? माती?"

"चांगली माती आहे," तो गंभीरपणे म्हणाला. ती हसली नाही, पण उतरून वळसा घालून दारापाशी जाईपर्यंत तिला हसू आवरावं लागलं.

तो मृदाशास्त्राचा विद्यार्थी होता. कपाळावरचे केस कोपराने मागे सारत खणत राहायचा, मधूनच चिमूटभर माती नाकाशी नेऊन हुंगायचा. ती बांधावर बसून बघत होती. वारा थंड होता, ओल्या गवताचा वास येत होता आणि तिला उगाचच घाई नव्हती. त्याने तिला हात पुढे करायला सांगितला, तळव्यावर मातीचा गोळा ठेवला, बाटलीतलं थोडं पाणी घातलं.

"आता अंगठा आणि बोट यांच्यामधून पुढे ढकला... हळू. पट्टी निघते का बघा."

बोटाएवढी पट्टी निघाली आणि मग वाकून तुटली.

"चिकण आहे," तो म्हणाला. "चिवट. पाणी लवकर घेत नाही, पण एकदा घेतलं की सोडत नाही."

मातीचं तिला काही कळलं नाही. पण त्याने शिकवताना तिच्या मनगटाला बोट टेकवलं होतं ते नेमकं कुठे, हे तिला हॉस्टेलवर परतल्यावरही डोळे मिटून दाखवता आलं असतं.

माती लॅबमध्ये पोचवून झाली, तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. तिने विचारलं, कुठे सोडू? खांद्यावरच्या पिशवीची नसलेली गाठ त्याने पुन्हा बांधली.

"नदीपलीकडे... शेवटच्या स्टॉपपाशी राहतो मी."

"आत्ता तिथूनच तर आलो आपण."

"हो ना. पण माती पोचवायला नको?"

ती इतकी सरळ मुलगी, की तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, काय कामसू मुलगा आहे, असं तिच्या मनात आलं. तिने त्याला पुन्हा पूल ओलांडून सोडलं, दार उघडून दिलं आणि तो स्टॉपपाशी हात हलवत उभा राहिला. आरशातून दिसेनासा होईपर्यंत तो तिथून हलला नव्हता.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी तो गेटपाशी उभा असायचा, बसण्याआधी हात झटकायचा, तरी त्याच्या सीटवर मातीचा थर बसलाच. ती त्यावरून त्याला बोलायची आणि गाडी धुताना नेमकी ती सीट तेवढी सोडून द्यायची. अहो-जाहो कधी गळून पडलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. तो तिला सारथीबाई म्हणायचा, ती त्याला मातीमास्तर. संध्याकाळी पुलावर वाहनांची कोंडी व्हायची. अख्खं शहर त्या कोंडीला शिव्या घालायचं, आणि ही दोघं तेवढी काच खाली करून खुशाल बसलेली असायची.

"आज कोंडी कमीच दिसते," तो एकदा म्हणाला. आवाजात चक्क तक्रार होती.

"मग उतर आणि पुढे जाऊन रस्त्यात उभा राहा. वाढेल."

"उतरलो असतो... पण दार आतून उघडत नाही."

ती रस्त्याकडे बघत राहिली. पुढची गाडी हलली तरी तिने गिअर टाकला नाही, आणि मागचा हॉर्न ओरडू लागल्यावर दोघंही एकदम हसले. प्रेमात पडलेल्यांना विनोद फार चांगले लागत नाहीत.

असं सगळं छान चाललेलं असताना विद्यापीठाने फतवा काढला, की महिनाअखेरीपासून विद्यार्थ्यांच्या गाड्या आवारात लावता येणार नाहीत. ज्यांना ठेवायच्याच असतील त्यांनी त्या मागच्या मैदानापलीकडे उन्हातान्हात लावाव्यात. झालं. घरात फोनाफोनी सुरू झाली. दादाचं म्हणणं, की पांढरा हत्ती पोसण्यात अर्थ नाही, त्याच्या ऑफिसातले एकजण घ्यायला तयार आहेत, देऊन टाक. आई म्हणायची, मुळीच नाही, अडीअडचणीला दारात गाडी असावी. दार कुणाचं आणि गाडी कुठे, हे आईला कोण सांगणार? आणि बाबा म्हणाले, "तुझं तू ठरव." हे सगळ्यात वाईट. कुणी भांडलं तर उलट भांडता येतं. 'तुझं तू ठरव' म्हटल्यावर माणसाला खरंच ठरवावं लागतं.

खरं तर ठरवण्यासारखं काही नव्हतंच. हॉस्टेलपासून विभाग चालत जाण्याच्या अंतरावर होता, घरी जायला एसटी गाड्या भरपूर होत्या, आणि मैत्रिणींची कपाटं एव्हाना आणून झाली होती. गाडी ठेवायला एकच कारण उरलं होतं, आणि ते रोज संध्याकाळी गेटपाशी हात झटकत उभं असायचं.

म्हणून तिने त्यालाच विचारलं. भुरभुर पाऊस होता, वायपर कुरकुरत होते, पुलावर गाड्यांचे लाल दिवे लांबवर ओघळलेले दिसत होते. ती समोर बघत म्हणाली, "महिनाअखेरीपर्यंत ठरवायचंय. ठेवू की विकू?"

तो काचेवरच्या थेंबावर आतून बोट फिरवत राहिला.

"ठेव," तो शेवटी म्हणाला.

"का?"

आता या 'का'साठीच तिने सगळा खटाटोप केला होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं...

"एकच वर्ष राहिलंय म्हणून... आणि संध्याकाळी बसला फार गर्दी असते."

तिने गिअर टाकला. वायपर कुरकुरत राहिले. त्या संध्याकाळी दार उघडून देताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

बसला गर्दी असते! हॉस्टेलच्या खोलीत तिने हे वाक्य वकीलबाईला इतक्यांदा ऐकवलं, की वकीलबाईने पुस्तक मिटलं. वकीलबाई म्हणजे तिची खोलीतली मैत्रीण. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि चादर कुणी घडी करायची यावरही युक्तिवाद करायची. सारथीने तिला सांगितलं, की पुन्हा तेच होतंय. गाडी आहे तोवर माणसं आहेत. गेटपाशी त्याचे मित्र त्याला 'तुझी गाडी आली बघ' म्हणतात, 'ती आली बघ' म्हणत नाहीत, हेही तिने सांगितलं. तेव्हा आता ती बघणारच होती, की गाडी काढून घेतली तर काय उरतं.

ती शिकत होती मानसशास्त्र, आणि त्या विभागातल्या बाईंनी दोन गोष्टी सगळ्यांच्या डोक्यात हातोडीने ठोकल्या होत्या. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी कशालाही हात लावायचा नाही. आणि ज्याच्यावर प्रयोग केला, त्याला शेवटी समोर बसवून सगळं खरं सांगायचं आणि हसत घरी पाठवायचं. तिने बेत आखला. गाडी मावशीच्या घरी नेऊन ठेवायची आणि त्याला सांगायचं, विकली. मग तो येतो की नाही ते बघायचं.

वकीलबाईने शांतपणे ऐकून घेतलं. "एक सांग," ती म्हणाली. "तो आला, म्हणजे त्याला गाडीची गरज नाही. मग विकायची. नाही आला, म्हणजे तो गाडीसाठीच यायचा. मग ठेवायची कुणासाठी? तेव्हाही विकायचीच. दोन्हीकडून गाडी जातेच आहे, तर परीक्षा कशाची घेतेस? त्याला सरळ विचार की."

ज्याला उत्तर नसतं त्याचाच माणसाला राग येतो, तसा सारथीला आला. ती म्हणाली, सरळ विचारलं की लोक आपल्याला आवडेल तेच सांगतात, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात.

मावशीच्या अंगणात गाडी लावून तिने वर मेणकापड टाकलं. मावशीने विचारलं, तर म्हणाली, प्रोजेक्ट आहे. शिकलेल्या पोरी काहीही करतात, यावर मावशीचा विश्वास होताच.

दुसऱ्या दिवशी ती गेटपाशी चालत आली. तो नेहमीच्या जागी उभा होता. तिच्या मागे बघत होता, गाडी कुठे लावली म्हणून.

"गाडी विकली," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी विचारणार होता असं तिला वाटलं, पण त्याने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"अच्छा... बरं झालं. पार्किंगची कटकट गेली."

"हो."

"मग आता तू हॉस्टेलवर चालत..."

"हो. आणि तू?"

"मी... बसने."

चल, मी येतो सोडायला. एवढंच म्हणायचं होतं त्याने. हॉस्टेलपर्यंतचा रस्ता झाडांचा होता, गाडीतून जाताना तो फार लवकर संपायचा. ती मनातल्या मनात त्याला शब्द पुरवत होती. तो आपल्या चपलांकडे बघत होता. बस आली, दारापर्यंत माणसं लोंबकळत होती. तो त्या गर्दीत कसाबसा शिरला आणि नदीपलीकडे गेला.

त्यानंतर तो गेटपाशी दिसला नाही. ती रोज येऊन उभी राहायची. पहिल्या दिवशी तिने त्याच्या वतीने सबबी शोधल्या, मग राग शोधला, मग त्याही पलीकडचं एक रिकामपण आलं, ज्यात माणूस घड्याळही बघत नाही. फोन हातात असायचा. कितीदा तरी तिने त्याचं नाव काढलं आणि फोन परत ठेवला. आपण फोन केला आणि तो आला, तर तो आपणहून आला असं कसं म्हणणार? बाकी कशालाही हात लावायचा नाही. वकीलबाई रोज संध्याकाळी तिचा चेहरा बघायची आणि काही न बोलता चहाचं पाणी ठेवायची. तिच्यासारखीने गप्प बसावं, म्हणजे प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं ते समजावं.

शेवटी अभिमान गुंडाळून ती मृदाशास्त्राच्या लॅबमध्ये गेली. प्रयोग संपला, निकाल लागला, आता निदान दोन शब्द सुनवावेत, एवढाच तिचा विचार होता. लॅबचे काका चाळण्या धुऊन पालथ्या घालत होते. ते म्हणाले, तो? तो चालला की. सरांनी लांबच्या संशोधन केंद्रावर दोन वर्षांचं काम देऊ केलं होतं. इतके महिने पोरगा आज सांगतो उद्या सांगतो करत होता, आणि या आठवड्यात एकदम हो म्हणाला. खोलीवर सामान बांधत असेल.

"नदीपलीकडे?" तिने विचारलं.

"कोण म्हणालं?" काका म्हणाले. "हे काय, मागच्या गल्लीत. आल्यापासून तिथेच राहतो. या खिडकीतून हाक मारली तर ओ देतो."

ती धावत सुटली. गल्ली ओलांडेपर्यंत तिला सगळं समजलं होतं: ती नसलेली गाठ बांधणं, तो स्टॉपपाशी न हलता उभा राहणं, ती कोंडी. वेड्यासारखी हसत ती जिना चढली. दार उघडंच होतं. तो खोक्याला सुतळी बांधत होता, आणि त्याच्या खिडकीतून विद्यापीठाचं पार्किंग अख्खं दिसत होतं.

"तू इथे राहतोस," ती धापा टाकत म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. "हो."

"आणि रोज माझ्याबरोबर नदीपलीकडे यायचास. परत कसा यायचास?"

"बसने. फार गर्दी असते."

ती खाटेच्या कडेवर बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या सुखात ती कधीच नव्हती. आणि त्या सुखाच्या भरात, शेवटी समोर बसवून सगळं खरं सांगायचं असतं म्हणून, तिने सगळं सांगून टाकलं. गाडी विकलेली नाही, मावशीकडे मेणकापडाखाली आहे. त्याची परीक्षा घेतली, कारण मागे एकदा पोळलेली आहे. तो पास झालाय. आता हसायची पाळी त्याची होती.

तो हसला नाही. सुतळीचं टोक त्याच्या हातात तसंच राहिलं.

"आणि तू रोज गेटपाशी..."

"उभी असायचे. तू येतोस का बघायला."

"फोन का नाही केलास?"

"केला असता तर निकाल बिघडला असता."

वर्गात उत्तर द्यावं तसं तिने हे सहज सांगितलं, आणि मग ते तिचं तिलाच ऐकू आलं.

तो खिडकीपाशी गेला. "मी तुला 'ठेव' म्हणालो होतो," तो म्हणाला. "मला सांगायचं होतं दुसरंच. ते तोंडातून निघेना म्हणून बसवर ढकललं. पण 'ठेव' म्हणालो होतो. त्यानंतर तू सांगितलंस, विकली. मला वाटलं, हे तुझं उत्तर. मला न दुखवता दिलेलं. ही खिडकी मी आठवडाभर लावून घेतली होती, तुझी जागा रिकामी दिसायची म्हणून... आणि सरांना हो म्हटलं."

"मग आता नाही म्हण."

"म्हणता येईल. सर चिडतील, पण म्हणता येईल." त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. "पण मग उद्या तू म्हणालीस, मला बरं वाटत नाहीये, किंवा मला दुसरं कुणी आवडतं... तर मी आधी काय विचार करेन, माहीत आहे? हे खरं आहे, की मी काय करतो ते बघायचंय?"

"तूही खोटं बोललास," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"बोललो. मी खोटं बोललो ते तुझ्याशेजारी बसायला मिळावं म्हणून. तू बोललीस ते मी उठून जातो का हे बघायला."

खोटं ते खोटंच, त्यात माझं गोड आणि तुझं कडू असं नसतं, यावर वकीलबाई तासभर भांडली असती. सारथीला त्यातला एकही मुद्दा सुचला नाही. तिच्याकडे एकच गोष्ट उरली होती. ती तिने कोंडीत, पावसात, झाडांच्या रस्त्यावर म्हणायची ठरवली होती, सुतळी आणि खोक्यांच्या मधे बसून नव्हे.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही आहे," तो म्हणाला. त्याने ते इतकं साधेपणाने सांगितलं, की तिला क्षणभर आशा वाटली. मग तो खाली बसला आणि राहिलेली गाठ मारू लागला. "म्हणूनच तर राहवत नाही इथे."

ती म्हणाली, गाडी आणते, सामान जड आहे, स्टेशनवर सोडते. तो नको म्हणाला. एक खोकं मात्र त्याने तिला उचलू दिलं. दोघं स्टॉपपर्यंत चालत गेले, त्यांचं पहिलंच चालणं. आणि दोघांचेही हात भरलेले होते. बसमध्ये त्या दिवशी अजिबात गर्दी नव्हती. त्याला खिडकीपाशी जागा मिळाली. त्याने हात हलवला आणि या वेळी बस दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली.

मावशीकडून तिने गाडी परत आणली. मावशीने विचारलं, प्रोजेक्ट झालं का, तर ती हो म्हणाली. थोडे दिवस तिने ती चालवूनही पाहिली. पुलावर एकटी अडकली तेव्हा बाकीच्यांसारखाच तिनेही कर्कश्श हॉर्न वाजवला, आणि घरी फोन करून दादाला सांगितलं, त्या तुझ्या ऑफिसातल्यांना येऊ दे. आईने थोडी कुरकुर केली. बाबा म्हणाले, तू ठरवलंस ना, मग ठीक. ते गृहस्थ रविवारी बायकोला घेऊन आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, सीटवरची माती बघून नाक मुरडलं आणि घेऊन गेले. सारथी गेटपाशी उभी राहिली. आता तिला सारथी म्हणण्यातही काही अर्थ नव्हता, पण पडलेली नावं सुटत नाहीत.

तो गेल्यापासून ती त्याला काही लिहिणार नव्हती, त्यानेही लिहिलं नव्हतं. पण त्याला आपण निदान एक तरी गोष्ट जशी घडली तशी सांगावी, असं तिला फार वाटलं. मागे काही नाही, पुढे काही नाही, नुसती खरी. तिने लिहिलं, 'आज गाडी विकली.' आणि फोन हातात धरून चालू लागली.

झाडांच्या रस्त्यावर असतानाच त्याचं उत्तर आलं.

'खरंच?'

ती थांबली. तिने त्या शब्दात राग शोधला, मग टोमणा शोधला. तसलं काही मिळालं असतं, तर तिला रडून मोकळं होता आलं असतं. पण त्याला टोमणे मारता येत नव्हते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तो बिचारा नुसतं विचारत होता.